पऱ्ह्याअलीकडची भिंत

पुण्यात समुद्र नाही, ही गोष्ट पुणेकरांना अजून कोणी सांगितलेली नसावी. सांगितली असती, तर समुद्र कसा वागतो, किनाऱ्यावरच्या माणसांनी कसं वागायला हवं आणि येत्या काळात पाणी कुठवर चढणार, यावर या शहरात इतकी भाषणं झाली नसती. गेल्याच महिन्यात आमच्या वारज्याच्या सोसायटीतल्या खालच्या मजल्यावरच्या मुलाने मला अशाच एका परिषदेला नेलं. हा मुलगा हवामानबदलाच्या एका कंपनीत आहे, म्हणजे घरात अर्ध्या चड्डीत बसून लॅपटॉपवर किनारे वाचवतो. "काकू, तुम्ही कोस्टल बॅकग्राउंडच्या ना, तुम्हाला खूप रिलेट होईल," असं म्हणाला. हॉटेलात गारठा इतका, की तापमानवाढीवर बोलणारे सगळे कोट घालून बसले होते. फलकावर 'विकसनशील देश आणि किनाऱ्यांची लवचीकता' असं लिहिलेलं होतं. स्थानिक लोकांना सोबत घेतलं पाहिजे, असं एक बाई पुन्हा पुन्हा सांगत होत्या आणि दर वेळी टाळ्या पडत होत्या. स्थानिक म्हणावं असं त्या दालनात कोणी नव्हतं. जेवणात सुरमई होती आणि तिला बर्फाचा वास येत होता. मी घरी आले, चहा केला आणि ठरवलं, की त्या भिंतीची हकिगत आता लिहून टाकायची, कारण ती सगळी माहीत असणारी मीच एक उरले आहे.

माझी शाळा संपून कॉलेज नुकतं सुरू झालं होतं. आम्ही येरवड्यात राहायचो. माडीवर दोन खोल्या आणि मागे गच्चीवर पत्र्याचं स्वयंपाकघर. तुरुंगातली घंटा आमच्या घरात ऐकू यायची आणि आमचं भिंतीवरचं घड्याळ बाबा तिच्यावरून लावायचे. लोहगावची विमानं डोक्यावरून गेली, की आई वाक्य अर्ध्यात थांबवायची आणि आवाज विरला की तिथूनच पुढे चालू करायची, त्यामुळे ज्याला ती बोलत असेल त्याला विमानही सोडवू शकत नसे. ती महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. वर्गातली मुलं, हेडमास्तर, दूधवाला आणि आमच्या वडिलांकडचे सगळे नातेवाईक तिच्या जिभेला वचकून असत. सकाळी बुद्धाच्या मूर्तीपुढे वंदना व्हायची, त्यात आईचा आवाज फार शांत आणि गोड लागायचा. वंदना संपली, की ती वर्तमानपत्र उघडायची आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकेकाचा समाचार घ्यायची. मला ती वेळ दिवसातली सर्वांत आवडती होती. दुसऱ्याला तुच्छ लेखण्यात किती आनंद असतो हे मी तिच्याकडूनच शिकले, आणि या वयात डॉक्टर गोड खाऊ देत नाहीत तेव्हा तो आनंद उपयोगी पडतो.

बाबा सिव्हिल इंजिनिअर होते, आमच्या घराण्यातले पहिले. लक्ष्मी रस्त्याच्या मागे, एका अंधाऱ्या जिन्यावरच्या सल्लागार कंपनीत त्यांची नोकरी होती. कंपनी किनाऱ्यांची कामं घ्यायची. धक्के, जेट्ट्या, आणि समुद्र जिथे जमीन खात असेल तिथे दगडांचे धूपप्रतिबंधक बंधारे. दुपारी एक ते चार ते ऑफिस बंद असे. तेवढ्या वेळात समुद्राने काय करायचं ते करावं. बाबा उरलेलं काम घरी आणायचे. जेवणं झाली की पाटावर ट्रेसिंगचा कागद पसरायचे आणि आम्हाला पाय न वाजवता चालायला सांगायचे. चुकलेली शाईची रेघ ते दाढीच्या ब्लेडने खरवडायचे, तो बारीक खर्रखर्र आवाज मला अजून आठवतो. ते कमी बोलत. आई म्हणायची, की यांच्या वाटचंही मीच बोलून टाकते, म्हणून यांना पगारवाढ मिळत नाही.

आमच्याकडे रविवारी मासे होत आणि रविवारीच बाबांचे साहेब येत. या दोन गोष्टींचा संबंध मला फार लवकर कळला. साहेबांच्या घरी चातुर्मासात कांदासुद्धा शिजत नसे, त्यामुळे ते आमच्याकडे 'ड्रॉइंग बघायला' येत. ड्रॉइंग बघून व्हायला कोलंबीच्या कालवणाला उकळी येण्याइतका वेळ लागे. मग तांदळाची भाकरी, तळलेला बांगडा, कालवण आणि भात, वर सोलकढीचा पेला. जेवताना ते दोन गोष्टींची आळीपाळीने स्तुती करत, आईच्या हाताची आणि स्वतःच्या मनाच्या मोठेपणाची. आम्ही हे असलं काही मानत नाही बरं का वहिनी, असं ते दर रविवारी म्हणत. काय मानत नाहीत, ते त्यांनी कधी उघड केलं नाही. निघताना दोनदा साबण लावून हात धुवायचे, बोटं हुंगायचे आणि मूठभर बडीशेप तोंडात टाकून जिना उतरायचे. यांचा सगळा सुधारकपणा त्यांच्या स्वतःच्या दाराच्या उंबऱ्यापर्यंत टिकतो, असं आई त्यांची पाठ वळताच म्हणायची. बाबा तिला हळू बोल म्हणत, कारण साहेब अजून जिन्यातच असत.

आईचं माहेर कोकणात, समुद्राला लागून. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण तिथे अजून माणसं राहतात आणि त्यांना रोज एकमेकांची तोंडं बघायची असतात. किनाऱ्याची एकच लांब पट्टी. उत्तरेला खोतांची माडांची वाडी. मग एक पऱ्ह्या, म्हणजे पावसाळ्यात धो धो वाहणारा आणि उन्हाळ्यात आटून जाणारा ओढा. पऱ्ह्यापलीकडे आमची बौद्धवाडी, आणि तिच्याही पुढे, दक्षिणेच्या टोकाला, कोळीवाडा. गावाने आमच्या लोकांना पऱ्ह्यापलीकडची जागा दिली, कारण त्या वाळूत काही पिकत नव्हतं. अशा जागेला आता समुद्रदर्शनी म्हणतात. तेव्हा ती नको असलेल्या माणसांना द्यायची जागा होती. आई त्या वाळूतच वाढली होती आणि दर मे महिन्यात आम्ही तिथे मामाकडे राहायला जायचो. मामाचं घर मागच्या रांगेत होतं. रात्री पाण्याचा आवाज उशाशी यायचा आणि सकाळी मामी नाचणीची आंबील द्यायची.

तर त्या वर्षी समुद्र खोतांच्या माडांच्या मुळाशी आला. पहिल्या रांगेतले काही माड आडवे झाले. बौद्धवाडीच्या बाजूलाही वाळू थोडी सरकली होती, पण माणसं आपली झोपडी मागे सरकवतात तसं त्यांनी काहीतरी करून घेतलं होतं. माड सरकवता येत नाहीत आणि खोतांची ओळख वरपर्यंत होती. बंधारा मंजूर झाला आणि त्याचं काम साहेबांच्या कंपनीकडे आलं. बाबांची सासुरवाडीच ती, त्यामुळे साहेबांनी काम त्यांच्याकडे दिलं. बाबांना फार आनंद झाला होता. मी त्यांना इतकं बोलताना क्वचितच पाहिलं होतं.

आता साहेबांच्या कंपनीची एक पद्धत होती, ती सांगितली पाहिजे. किनाऱ्याची पाहणी ते नेहमी मे महिन्यात ठेवत. मुलांना सुट्टी असते, घाटात दरडी नसतात, आणि हापूस हाताशी असतो. जीपमध्ये साहेब, त्यांच्या सौभाग्यवती आणि दोन मुलं बसत. परतताना आंब्यांच्या पेट्यांना जागा लागे म्हणून उंची मोजायच्या पट्ट्या टपावर दोरीने बांधलेल्या असत. वर्षानुवर्षं या शहरातल्या एका कंपनीने कोकणचा अख्खा किनारा आंब्याच्या मोसमात मापला, आणि मे महिन्यात किनाऱ्यावर वाळू सर्वांत जास्त असते एवढी एक गोष्ट त्यांच्या कधी ध्यानात आली नाही. पावसाळी लाटा वाळू ओढून आत नेतात आणि थंडीत समुद्र ती सावकाश परत आणून टाकतो. हे बाबांना माहीत होतं. ऑगस्टमध्ये एकदा जाऊन यावं, असं त्यांनी साहेबांना सुचवलंही होतं. पावसाळ्यात यंत्रं भिजतात, असं उत्तर त्यांना मिळालं.

त्या मे महिन्यात आम्ही आईच्या माहेरीच होतो, त्यामुळे ती पाहणी मी डोळ्यांनी पाहिली. साहेब टोपी घालून, सोलकढीचा थर्मास बाजूला ठेवून, खोतांनी पाठवलेल्या खुर्चीवर बसले होते. बाबा यंत्रातून बघत होते. खोतांच्या वाडीपुढे पांढरी वाळू ऐसपैस पसरली होती आणि साहेबांना ती फार पसंत पडली होती. पाया इथेच घ्यायचा, इथे जमीन चांगली पक्की दिसते, असं ते म्हणाले. आई डोक्यावर पदर घेऊन तिथवर चालत गेली. मला वाटलं आता ती साहेबांची हजेरी घेणार. पण ती चारचौघांत नवऱ्याच्या वरिष्ठाशी जसं बोलावं तसंच बोलली.

"साहेब, ही वाळू इथली नाही. पाऊस लागला की निघून जाते, ती दिवाळीनंतर परत येते. तुम्ही मापताय ती पाहुणी आहे."

साहेबांनी डोळे मिटून मान डोलावली. "वा, वहिनी. काय काव्य आहे तुमच्या कोकणात." मग बाबांकडे वळून म्हणाले, "जाधव, हे लिहून ठेवा. समारंभात वापरू."

आई तशीच परत आली. वाटेत तिने डोक्यावरचा पदर काढून कमरेला खोचला, तेव्हा तिला किती लागलं होतं ते मला कळलं. बाईमाणसाने समुद्राविषयी काही सांगितलं, तर ते गाणं असतं. हेच एखाद्या परदेशी माणसाने पडद्यावर आकृती काढून सांगितलं असतं, तर साहेबांनी ते खाली बसून उतरवून घेतलं असतं. पुढे या देशात असेच परदेशी लोक आले, त्यांनी आकृत्या काढल्या, आणि आता त्या आकृत्या मला वातानुकूलित दालनात बसून बघाव्या लागतात.

पुण्याला आल्यावर नकाशे सुरू झाले. बाबांनी आधी वेगळंच काहीतरी काढलं होतं. खोतांनी माडांची पुढची रांग सोडून द्यावी, तिथली वाळू मोकळी ठेवावी, तिच्यावर मर्यादवेल आणि केवडा वाढू द्यावा, म्हणजे वाळू धरून राहील आणि समुद्राला पसरायला जागा मिळेल. मर्यादवेल ही किनाऱ्यावर आपोआप पसरणारी जांभळ्या फुलांची वेल, आमच्या वाडीपुढे ती होतीच. साहेबांनी तो कागद कालवण जेवता जेवता पाहिला आणि हसले. "जाधव, वेलीचं उद्घाटन कोण करणार?" असं त्यांनी विचारलं. प्रश्न बिनतोड होता. आजही किनारे वाचवण्याच्या कामात याच्याइतका खरा प्रश्न कोणी विचारल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

मग दगडांची भिंतच ठरली. ती खोतांच्या वाडीच्या वरच्या टोकापासून पऱ्ह्यापर्यंत येणार आणि पऱ्ह्याच्या अलीकडे संपणार होती. पलीकडची वस्ती पुढच्या टप्प्यात, असं साहेबांनी सांगितलं. आता अशी भिंत संपते तिथे काय होतं, हे बाबांनी मला पाटावर बोटाने पाणी ओढून समजावलं होतं. लाट दगडावर आपटते, तिचा जोर कमी होत नाही, ती कडेकडेने सरकते आणि भिंतीचं टोक आलं की तिथून आत वळते. शिवाय अलीकडून पुढे वाहत येणारी वाळूही भिंतीपाशी अडते. म्हणजे भिंतीने जेवढं वाचतं, त्याची भरपाई तिच्या टोकापलीकडच्याने करायची. टोकापलीकडे मामाचं घर होतं. आईला हे सगळं बाबांनी न सांगताच कळलं होतं.

नकाशावर ज्याने तो केला त्याची सही लागायची. साहेबांनी बाबांना मुद्दाम सांगितलं, की तुमची सासुरवाडी आहे, तुमच्या सहीला वजन आहे, उद्या कोणी तक्रार केली तर घरचाच माणूस आहे असं दाखवता येईल. बाबा दोन दिवस तो कागद गुंडाळून घरी ठेवून होते. शेवटी स्वयंपाकघरात आई भांडी घासत असताना ते तिच्या मागे जाऊन उभे राहिले.

"मी नाही केली तर दुसरा कोणीतरी करेल," ते म्हणाले. "मी आत राहिलो तर पुढच्या टप्प्यात वाडी घेता येईल."

"मग दुसऱ्याला करू दे," आई म्हणाली. "माझ्या भावाच्या घरावर तुमची सही नको."

बाबांनी सही केली. नोकरी, माझं कॉलेज, येरवड्याच्या घराचं भाडं, हे सगळं त्यात होतंच, आणि पुढचा टप्पा खरंच येईल असं त्यांना मनापासून वाटत होतं. आईने भांडण केलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती त्यांना 'आपण' म्हणू लागली. आपण जेवणार का, आपला डबा भरलाय, आपल्याला यायला उशीर होईल का. पुण्यात एखाद्याचा पुरता निकाल लावायचा असेल तर त्याला मान देतात, आणि आई इतकी वर्षं पुण्यात राहून हे व्यवस्थित शिकली होती. बाबा मान खाली घालून तो मान घेत राहिले. मी अर्थातच आईच्या बाजूने होते. तिच्यासारखं कोणापुढे न झुकणारं माणूस जगात दुसरं नाही, अशी माझी तेव्हा खात्री होती.

भिंत झाली. काळ्या दगडांची, उंच, आणि संगमरवरी पाटीसकट. उद्घाटनाला मंत्री आले आणि साहेबांनी भाषणात सांगितलं, की आमच्या किनाऱ्यावरच्या अडाणी माउल्या वाळूला पाहुणी म्हणतात. या ओळीला सर्वांत जास्त टाळ्या मिळाल्या, असं ते पुढच्या रविवारी बांगड्याचे काटे काढता काढता आईला सांगत होते. आईने त्यांना आणखी भात वाढला. अडाणी माउलीकडे दोन पदव्या आहेत, याची त्यांना आठवण करून द्यावी असं मला फार वाटलं, पण मोठ्यांच्या पंगतीत बोलायची मला मुभा नव्हती.

पुढच्या पावसाळ्यात ती पाहुणी नेहमीप्रमाणे निघून गेली. खोतांच्या बाजूला भिंतीचे खालचे दगड बसले, पण भिंत उभी राहिली. पऱ्ह्यापलीकडे मात्र समुद्र टोक धरून आत वळला आणि बौद्धवाडीची पुढची रांग श्रावणातच गेली. घरं आधी रिकामी केली होती म्हणून माणसं वाचली. विहाराची पुढची पडवी गेली, मर्यादवेलीची सगळी पट्टी गेली, आणि मामाचं घर जे मागच्या रांगेत होतं ते आता पहिल्या रांगेत आलं. एका संध्याकाळी मामा कोणाला न कळवता आमच्या दारात उभा राहिला. एसटीने आला होता आणि त्याचे कपडे ओलेच होते. आईने त्याला बाबांचं धोतर दिलं, आमटीभात वाढला, आणि तो जेवत असताना त्याच्याकडे न बघता बसून राहिली. मामा मुळात हसतमुख माणूस. त्या दिवशी तो मीठ मागायलाही विसरला.

आणि त्याच आठवड्यात साहेब आले ते उड्या मारायच्या बेतात. पुढचा टप्पा मंजूर झाला होता. नुकसान झालं म्हणूनच मंजूर झाला, नाहीतर फाईल हललीच नसती, असं त्यांनी आम्हाला फार कौतुकाने समजावून सांगितलं. म्हणजे मामाच्या शेजाऱ्यांनी आपली घरं देऊन त्यांच्या फाईलवर मोहोर उठवली होती. आता पऱ्ह्यापासून बौद्धवाडीच्या शेवटच्या घरापर्यंत भिंत येणार होती. फक्त नकाशे मार्चच्या आत गेले पाहिजेत, नाहीतर मंजुरी परत जाते आणि पुढे कोण विचारतो. काम बाबांनीच करायचं, दुसऱ्या माणसाला सगळं समजावून द्यायला वेळ नव्हता. साहेब बडीशेप खाऊन गेले आणि बाबा पाटावर कागद न पसरता तसेच बसून राहिले.

मामा पुन्हा आला तो जानेवारीत, बाबांनी नकाशे अजून दिले नाहीत असं कुठूनतरी कळल्यावर. आल्या आल्या त्याने बाबांना विचारलं, आणि बाबा म्हणाले, की या वेळी मी सही करणार नाही. त्यांचा आवाज अगदी साधा होता. भिंत पुढे नेली की तिचं टोक कोळीवाड्याच्या दारात जाईल, आणि वाडीचं झालं तेच कोळीवाड्याचं होईल. कोळीवाड्यात आईची शाळेतली मैत्रीण राहायची, जना. दोघी एका बाकावर बसायच्या, आणि वर्गात बाकीच्या मुली आईपासून लांब सरकायच्या तेव्हा ही एकटी सरकत नव्हती, हे आईने मला पुष्कळदा सांगितलं होतं.

मामा जमिनीकडे बघत होता. "त्यांचा ते बगतील, भावोजी," तो म्हणाला. "आमचा कोनी बगितला?"

त्यातलं पहिलं वाक्य खोतांचं होतं. जसंच्या तसं, फक्त खोत ते खुर्चीत बसून म्हणाले असतील. मी आईकडे बघितलं. ती पोळपाटापाशी बसली होती आणि तिचे हात थांबले होते. आता ती मामाला सोडत नाही, असं मला वाटलं. मी अगदी वाट बघत होते. तिच्या जिभेने आजवर इतक्या लोकांना सोललेलं मी पाहिलं होतं, की हा तर सख्खा भाऊ, याला तर ती आणखी बारीक सोलेल. बाबाही वाट बघत असावेत. कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदाच ते दोघं एका बाजूला होते.

"तुम्ही सही करा," आई म्हणाली.

बाबांना ऐकू आलं नाही असं नाही, पण त्यांनी मान वर केली आणि पुन्हा काय म्हणून विचारलं. आईने तेच सांगितलं.

"तिथे जना राहते," बाबा म्हणाले. "तुला माहीत आहे ना?"

"मला नाही तर कोणाला माहीत असणार? सही करा. हा कुठे जाईल?"

मग ती पुन्हा पोळी लाटू लागली. मामा रडला. मला आईचा राग आला. इतका आला, की मी जेवले नाही, आणि खरं सांगायचं तर तो राग माझ्या मनातून अजून पूर्ण गेलेला नाही. साहेब मला कधीच दुखवू शकले नाहीत, कारण त्यांच्याकडून मी काही अपेक्षा केली नव्हती. माणूस लबाड किंवा मूर्ख असला की त्याला हसता येतं आणि हसून झोपता येतं. पण त्या स्वयंपाकघरात त्या संध्याकाळी कोणी लबाड नव्हतं आणि मूर्ख तर कोणीच नव्हतं. सगळ्यांना सगळं कळत होतं. बाबांनी सही केली आणि मार्चच्या आत नकाशे गेले. गेल्या महिन्यातल्या त्या परिषदेत पडद्यावर काळ्या दगडांच्या एका लांबलचक भिंतीचा फोटो आला, तेव्हा मी ती लगेच ओळखली. ती आता पार खाडीच्या तोंडापर्यंत गेली आहे आणि तिच्यापुढे वाळू अशी कुठेच राहिलेली नाही. बोलणाऱ्या बाईंनी 'लोकसहभागातून झालेलं काम' असा तिचा उल्लेख केला. मला हसू आलं आणि शेजारच्या गृहस्थांनी माझ्याकडे वळून बघितलं.

नव्या भिंतीनंतर दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात आई मला घेऊन माहेरी गेली. मामाचं घर जागेवर होतं, त्याला नवीन कौलं घातली होती आणि दारात भिंत होती, त्यामुळे ओट्यावरून समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. मामाने आईला भिंतीवर नेऊन बसवलं आणि मोठ्या कौतुकाने सगळं दाखवलं. दक्षिणेला, भिंत संपत होती तिथून पुढे, किनारा सुरीने कापल्यासारखा आत गेला होता. मासे सुकवायचे ओटे अर्धे तुटले होते आणि एका घराची मागची भिंत नव्हती. थोड्या वेळाने जना तिकडून चालत आली. आईपेक्षा थोराड दिसत होती. आली ती आईला बिलगलीच, मग माझ्या गालाला हात लावून मला काय शिकतेस म्हणून विचारलं, आणि आमच्याजवळ दगडावर बसली. तक्रार अशी तिने काही केली नाही. मागच्या पावसाचं सांगितलं, लेकाची होडी कशी बांधून ठेवली ते सांगितलं. मग तिने आईचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

"तुजा घरवाला भितीच्या कामात हाय ना गो," ती म्हणाली. "त्याला जरा सांग, ही भित आमच्या दारापावत आन म्हनावं. तुमच्या वाडीला आनली तशी. माजं दुसरं कोन हाय तितं वळखीचं?"

आईने तिच्याकडे बघितलं. मला वाटलं आता ती हात सोडवून घेईल, किंवा निदान खरं काय ते बोलेल.

"सांगते," आई म्हणाली.

जनाने तिचा हात दोन्ही हातांनी दाबला आणि तो बराच वेळ तसाच धरून ठेवला.